सैल धरलेला कोपरा

थोरल्या बाईंच्या मनात धाकट्या जावेविषयी जे होते, त्याला राग म्हणता येणार नाही. राग येतो आणि जातो. हे मात्र कायमच्या मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखे होते. सकाळी डोळे उघडावेत, तर ते आपल्या आधी उठून बसलेले. धाकटी लग्न होऊन घरात आली, तेव्हापासून ते होते. धाकटीला हसायला निमित्त लागत नसे. सासूबाई थोरल्या सुनेला कामे सांगत आणि धाकटीला गोष्टी सांगत. थोरल्यांनी हे सर्व पाहिले, आवंढा गिळला आणि कामे केली. कामात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि ही बाब दुसरे कोणी बोलत नसल्यामुळे त्या स्वतःच अधूनमधून बोलून दाखवीत.

दोघी जावांनी उमेदीची सारी वर्षे एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत घालवली. तळघरातली ती लांबलचक खोली होती. एका टोकाला धुण्याची यंत्रे गुरगुरत असत, मधोमध इस्त्रीचा गरम रोलर फिरत असे आणि दुसऱ्या टोकाला, छताजवळच्या लहान खिडकीखाली, घडीचे टेबल होते. रोलरमधून चादर बाहेर आली की एका बाजूला थोरल्या आणि समोर धाकटी उभी राही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका देऊन चुण्या काढायच्या, चादर लांबीत दुमडायची आणि मग एकीने चालत दुसरीपाशी जाऊन कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. चालायचे कोणी, हे पहिल्याच दिवशी ठरून गेले. थोरल्या चालत आणि धाकटी जागेवर उभी राही.

"वयाने मोठी मी, आणि पायपीटही माझीच," असे थोरल्या म्हणत.

"मग मी येते चालत, ताई," असे धाकटी म्हणे.

"काही नको. तू येशील आणि वाटेत गप्पा मारत उभी राहशील."

नोकरी संपली. दोघींचे नवरे पाठोपाठ गेले. थोरल्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहू लागल्या आणि धाकटी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटी राहिली. धाकटीला मूलबाळ नव्हते. थोरल्यांना एक मुलगा आणि त्याची एकुलती एक मुलगी. ती नात या दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात वाढली, असे म्हटले तरी चालेल. अभ्यासाला वर बसे आणि हसायला खाली जाई. थोरल्यांना खालून तिच्या हसण्याचा आवाज ऐकू येई, तेव्हा त्या भांडी जरा मोठ्याने घासत.

पुढे नात शिक्षिका होण्याचे शिक्षण घेण्यासाठी दुसऱ्या शहरात गेली. जाताना दोघींच्या गळ्यात पडून म्हणाली, "मला लिहीत जा." दोघींनी माना डोलावल्या. दोघींनाही सहीपलीकडे काही लिहिता येत नव्हते.

प्रौढांच्या वर्गात प्रथम नाव घातले ते थोरल्यांनी. कोणालाही न सांगता घातले. वर्ग जवळच्या शाळेत, मुले घरी गेल्यावर भरत असे. बाके लहान मुलांची होती, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे फळीला टेकत. थोरल्या पुढच्या बाकावर बसून पाटी पुसत होत्या, तोच दारातून ओळखीचा आवाज आला.

"ताई, सरका जरा. मलाही घरी करमत नाही."

पाटीपासून कागदापर्यंतचा काळ थोरल्यांच्या आयुष्यातला सुखाचा काळ होता. त्यांचे अक्षर घडी घातलेल्या कापडासारखे होते. ओळीला ओळ लागून, कुठे चुणी नाही. धाकटीचे अक्षर पाहून वर्गातले निवृत्त पहारेकरी म्हणाले होते, "तुमच्या ओळी कुठे निघाल्यात? पोहोचल्या की कळवा." धाकटी हसली. थोरल्याही हसल्या, आणि त्या दिवशी त्यांनी धाकटीला आपल्या डब्यातले काढून दिले. जिंकलेल्या माणसाला उदार होणे जड जात नाही.

मग वर्गाच्या शिक्षिका बाईंनी फोन बाहेर काढायला सांगितले. बाई वयाने लहान होत्या, सकाळी मुलांना शिकवून दुपारी या म्हाताऱ्यांना शिकवीत. त्या म्हणाल्या, "तुम्हाला अर्ज लिहायचे नाहीत. तुम्हाला तुमच्या माणसांना लिहायचंय. आणि तुमची माणसं आता फोनवर आहेत. तेव्हा आजपासून रोज आपल्या वर्गाच्या ग्रुपवर प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या."

थोरल्यांचा फोन मुलाचा जुना होता. मुलगा कुरिअरच्या गोदामात माल पाठवण्याचे काम पाहत असे. नवा फोन घेतल्यावर त्याने जुना आईला दिला होता. त्यावर अक्षरे शोधताना थोरल्यांची बोटे चुकत. 'क' सापडला की काना हरवे. एक ओळ पूर्ण होईपर्यंत चष्मा घामाने घसरे. धाकटीने मात्र थोडे पैसे साठवून नवा फोन घेतला होता. त्यावर बोलायच्या यंत्राचे एक चित्र होते. ते दाबायचे आणि बोलायचे, की फोन आपोआप लिहीत असे.

"यांचा फोन ऐकतो," पहारेकरी म्हणाले. "माझ्या घरी बायको ऐकत नाही, मुलगा ऐकत नाही, फोनकडून काय अपेक्षा करणार?"

सगळा वर्ग हसला. थोरल्या अक्षरे शोधत राहिल्या. त्यांच्या चार ओळी ग्रुपवर पोहोचल्या, तोवर धाकटीचे पानभर लिहून, वाचून आणि लोकांचे वाहवा म्हणून झाले होते.

अशा दिवसांत नातीचा निरोप आला. तिने दोघी आज्यांना एकत्र लिहिले होते. तिच्या अभ्यासक्रमात एक प्रकल्प होता. उतारवयात लिहायला शिकलेली व्यक्ती फोनवर लिहिण्याचे कौशल्य कसे मिळवते, हे तिला मांडायचे होते. निरोपात तिने लिहिले होते: "दोघींनी लाँड्रीतल्या कामाबद्दल थोडं लिहून पाठवा. स्वतः लिहा, कोणाची मदत नको. त्यातून एक जण निवडून मी तिच्यावर लिहिणार आहे."

थोरल्यांनी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. त्यातले "दोघींनी" त्यांना खटकले आणि "एक जण" त्यांच्या उरात जाऊन बसले. आपली नात आपल्यावर लिहिणार. ते लिहिलेले तिच्या शिक्षकांपुढे जाणार. इतक्या वर्षांत त्यांनी देवाकडेही स्वतःसाठी काही मागितले नव्हते. आता हे एक मागावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी धाकटीचे लिहून झाले होते. तिने ते नातीला पाठवलेच, शिवाय वर्गाच्या ग्रुपवरही टाकले. बाईंनी मोठ्याने वाचले: "चादर रोलरमधून निघते तेव्हा गरम असते हात भाजतात पण थंडीच्या दिवसांत बरं वाटतं. कोण आहे दार उघडंच आहे कचरा जिन्यात ठेवलाय उचला. तर मी काय सांगत होते ती चादर आम्ही दोघी धरायचो…"

वर्गात हास्याचा नुसता फवारा उडाला. पहारेकऱ्यांनी डोळे पुसले. धाकटी पदर तोंडाला लावून म्हणाली, "अहो, कचरेवाला मधेच आला, त्याला मी काय करू? नातीला हेच सगळ्यात आवडलं. म्हणाली, काढू नकोस."

थोरल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहिण्यात कचरा शिरला होता, अगदी शब्दशः कचरा, आणि त्याचे कौतुक होत होते. वर्ग सुटल्यावर त्या बाईंपाशी मागे थांबल्या.

"बाई, एक विचारू? तिचं ते लिहिणं म्हणायचं का?"

"का हो आजी?"

"ती बोलते. लिहितो तो फोन. मी पाटीवर हात झिजवला, ते काय उगाच?"

बाईंनी फळा पुसता पुसता सांगितले, "त्या बोलतात, पण नंतर बसून वाचतात, आणि नको ते कापतात. त्या फोनला पूर्णविराम देता येत नाही, तो त्या देतात. कचरेवाला त्यांनी मुद्दाम ठेवलाय, विसरलेल्या नाहीत. तेही शिकणंच आहे, आजी. तुम्ही लिहिता, पण मग लिहिलेल्याला घाबरता."

हे उत्तर थोरल्यांना मुळीच पटले नाही. चुगली करायला जावे आणि आपलाच कान पिळला जावा, असे त्यांना वाटले. फाटकापाशी पहारेकरी भेटले. त्यांनी थोरल्यांचा चेहरा पाहिला आणि मायेने एक सल्ला दिला.

"एवढं कशाला शोधत बसता? पहिलं अक्षर दाबलं की वर पट्टीत शब्द येतात. त्यातला मधला दाबत जायचा. मी तर हल्ली नुसता मधलाच दाबतो. मेहुण्याला लिहिलेलं चांगलं लांब झालं."

"आणि मेहुणा काय म्हणाला?"

"अजून काही बोलला नाही. विचार करत असेल."

थोरल्यांनी घरी येऊन ती पट्टी प्रथमच नीट पाहिली. खरेच, अक्षरांच्या वर तीन शब्द तयार उभे होते, शाळेतल्या हुशार मुलांनी हात वर करावेत तसे. त्यांचा चटकन विश्वास बसला. यामागे एक कारण होते. छापील अक्षर म्हणजे शिकलेले अक्षर, आणि आपल्या तोंडातला शब्द म्हणजे अडाणी, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत होती. त्यामुळे फोनने जो शब्द पुढे केला, तो आपल्या शब्दाहून अधिक बरोबर असणार, असे त्या धरून चालल्या. 'चादर' लिहायला गेल्यावर फोनने 'चालक' दिला. त्यांना वाटले, कार्यालयात असे म्हणत असतील. 'मी' लिहिताना 'माल' समोर आला. तो भारदस्त दिसला, म्हणून त्यांनी घेतला. एक शब्द घेतला की पुढचे आपोआप येत. बोट थांबत नव्हते. आयुष्यात प्रथमच त्या धाकटीइतक्या भराभर लिहीत होत्या, आणि त्या वेगाची त्यांना नशा चढली. शेवटी तयार झाले ते असे:

"सकाळी कामावर हजर झाल्यावर माल ताब्यात घेतला. माल व्यवस्थित आहे. दोन नग ओले होते, चालकाला कळवले आहे. पुढील कार्यवाही त्वरित करण्यात येईल. कृपया पोच द्यावी. धन्यवाद."

यात धाकटीचे नाव कुठेही नव्हते, याचेही त्यांना समाधान वाटले. त्यांनी ते पाठवून दिले आणि बऱ्याच दिवसांनी एक गाणे गुणगुणत चहा ठेवला.

नातीचे उत्तर चहाला उकळी फुटायच्या आत आले.

"आजी, हे बाबांनी लिहून दिलंय ना? 'कृपया पोच द्यावी' असं तू जन्मात म्हणणार नाहीस. मी सांगितलं होतं ना, स्वतः लिही म्हणून. दुसऱ्याने लिहिलेलं मला घेता येत नाही, माझा प्रकल्प रद्द होईल. धाकट्या आजीचं वाचलं, ती समोर बसून बोलतेय असं वाटलं. मग तिलाच घेऊ का? तू रागावू नकोस."

थोरल्या त्या उत्तराकडे पाहत बसल्या. चहा उतू गेला. त्यांना आयुष्यात पुष्कळ बोल लागले होते, पण दुसऱ्याकडून करून घेतले, असे त्यांना कोणीही म्हटले नव्हते. लाँड्रीत त्यांनी दुसरीने घातलेली घडीसुद्धा कधी आपली म्हणून मोजली नव्हती. आणि आज नातीने त्यांना लबाड ठरवले होते, तेही धाकटीचे नाव पुढे करून.

मुलगा कामावरून आल्यावर त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला. "वाच. आणि तूच लिहिलंस म्हणे."

"मी? आई, मला पाणी प्यायला वेळ नाही, मी कधी लिहू?" त्याने वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता खुर्चीत मागे रेलून हसू लागला. "अगं, पण हे मीच लिहिलंय."

"आता तूही."

"तसं नव्हे. हा फोन इतकी वर्षं माझ्या हातात होता. दिवसभर मी हेच बडवायचो. माल मिळाला, नग कमी आले, चालकाला कळवा. ते याच्या डोक्यात बसलंय. तू काहीही लिहायला गेलीस, तरी हा माझंच पुढे करणार. तो शिकलेला नाही आई, तो फक्त पाठ करतो."

थोरल्यांनी फोनकडे असे पाहिले, जसे त्या लाँड्रीत कामचुकार नव्या मुलींकडे पाहत.

"म्हणजे याचे शब्द बरोबर नाहीत?"

"बरोबर आहेत. माझ्यासाठी."

"मग माझे कधी देणार?"

"तू लिहिशील तेव्हा. पट्टी नको असेल तर बंद करून देऊ का?"

"राहू दे चालू," थोरल्या म्हणाल्या. "बघू दे त्याला, मी काय लिहिते ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा-सून कामावर गेल्यावर त्या खिडकीजवळ बसल्या. 'चा' लिहिल्याबरोबर फोनने 'चालक' पुढे केला. "हो बाजूला," त्या म्हणाल्या आणि 'चादर' पूर्ण लिहिले. पुन्हा 'चालक' आला, पुन्हा त्यांनी 'चादर' लिहिले. असे पुष्कळदा झाले. दुपारच्या सुमारास त्यांनी 'चा' दाबला, आणि पट्टीत, अगदी मधोमध, 'चादर' उभे राहिले. थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. रोलरवर नव्या आलेल्या मुलीने पहिल्यांदा न सांगता कोपरा जुळवला की त्यांना वाटे, तसे त्यांना वाटले.

परंतु खरी अडचण पुढेच होती. चादरीचे लिहायचे तर चादर धरणारी दुसरी लिहावी लागते. रुग्णालयाची चादर एकटीने घडी होत नाही. त्यांनी हरप्रकारे प्रयत्न केले. "समोर एक बाई असे" असे लिहिले. ते त्यांनाच खोटे वाटले, पुसले. "सहकारी असे" असे लिहिले. ते तर पुन्हा मुलाने लिहिल्यासारखे झाले. नातीला काय, एका ओळीत कळले असते. आपले काम आपले म्हणून सांगायचे, तर त्यात धाकटीला उभे करणे भाग होते. ती समोर नाही, तर थोरल्यांची चादर जमिनीवर लोळणार. हे त्यांना सोसवेना. त्यांनी फोन उशीखाली ठेवला, केर काढला, पुन्हा फोन काढला. खालून धाकटीचा आवाज येत होता, ती फोनशीच बोलत असावी, आणि मधेच हसत होती. त्या आवाजाने थोरल्यांच्या मनात जे काही उसळले, ते त्यांनी या खेपेला गिळले नाही. लिहून टाकले. त्यातला एक शब्द फोनकडे नव्हताच. 'हे' लिहिल्यावर त्याने 'हेच', 'हेड ऑफिस' असे काहीबाही दिले. थोरल्यांनी तो शब्द एकेक अक्षर शोधून स्वतः लिहिला.

नातीला गेले ते असे:

"रुग्णालयाची चादर मोठी असते. एकटीला घडी घालता येत नाही. समोर दुसरी लागते. माझ्या समोर माझी जाऊ असायची. मी चालत जायची, ती उभी राहायची. ती कोपरा सैल धरायची. मी रोज ओरडायची. पण ती रजेवर गेली की दुसरी कोणी समोर आली तर माझी घडी वाकडी व्हायची. हे मी कोणाला सांगितले नाही. आता ती फोनशी बोलते आणि फोन लिहितो. तू तिचे वाचून हसतेस. मला तिचा हेवा वाटतो. पहिल्यापासून वाटतो. मला नात आहे, तिला कोणी नाही, तरी हेवा वाटतो. माझी नात मला वाटून घ्यायची नाही. हे मी लिहिले आहे. तुझ्या बापाने नाही."

पाठवल्यावर त्यांना भीती वाटली. बाई म्हणाल्या होत्या ती हीच भीती असावी. पण आता शब्द परत बोलावता येत नव्हते. निदान त्यांना ते शिकवलेले नव्हते.

नातीने उत्तर लिहिले नाही, सरळ फोन केला.

"आजी, हे तूच लिहिलंयस."

"मग कोण लिहिणार?"

"मी तुलाच घेणार. तू आधी कसं लिहिलंस, ते का बिघडलं, फोनला कसं शिकवलंस, सगळं मला सांगायचंय. बाबांनी मला त्या पट्टीचं सांगितलं, तू ती चालू ठेवायला लावलीस तेही."

थोरल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. जिंकल्याचे सगळे नीट ऐकू यायला हवे होते.

"पण एक आहे, आजी. आमच्याकडे नियम आहे. लिखाणात दुसऱ्या कोणाबद्दल काही खासगी असेल, तर त्या माणसाची परवानगी लागते. तू धाकट्या आजीबद्दल लिहिलंयस. ते तिला वाचून दाखव. तिने हो म्हटलं, तरच मला घेता येईल."

"सगळं?"

"सगळं. एकही ओळ गाळायची नाही."

"हा कसला नियम? कोणी केला?"

"आमच्या सरांनी. आणि मलाही तो बरोबर वाटतो."

थोरल्या बराच वेळ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिल्या. नातीला हवे ते त्यांच्या हातात होते, पण ते तिला द्यायचे तर खाली जाऊन, जिच्यापासून इतकी वर्षे लपवले, तिलाच ते वाचून दाखवायचे होते. धाकटीपुढे हात पसरण्यापेक्षा प्रकल्प जाऊ द्यावा, असेही मनात येऊन गेले. मग नात कोणाला घेईल, हेही मनात आले. त्या उठल्या.

धाकटीचे दार उघडेच होते. ती वाळलेली चादर एकटीच घडी घालत होती, म्हणजे हनुवटीखाली एक टोक दाबून दुसऱ्या टोकाशी झटापट करीत होती.

"या ताई," ती हनुवटी न उचलता म्हणाली. "धरता का जरा?"

"आधी बस. मला एक वाचून दाखवायचंय."

"तुम्ही? मला?" धाकटीने चादर खाटेवर टाकली आणि बसली. "बरं आहे ना सगळं?"

थोरल्यांनी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज वर्गात वाचताना होई तसा ताठ झाला. कोपऱ्याच्या ओळीला धाकटीने भुवया उचलल्या. घडी वाकडी होण्याच्या ओळीला तिने खाली पाहिले. 'हेवा' आला, तेव्हा थोरल्यांनी तो न अडखळता वाचला. पुढची ओळ पडद्यावर दिसत होती, आणि त्या थांबल्या. ही ओळ गाळली असती तर कोणाला कळले असते? नात दूर होती. धाकटीच्या घरात एकच खुर्ची होती, ती त्यांना आता दिसली. त्याआधी इतके दिवस त्यांनी ती पाहिली नव्हती, असे नव्हे.

"थांबलात का?" धाकटी म्हणाली. "अक्षर लागत नाही का?"

"लागतंय," थोरल्या म्हणाल्या, आणि वाचले. नात असल्याचे वाचले, कोणी नसल्याचे वाचले, वाटून न घेण्याचे वाचले. शेवटची ओळ वाचून त्यांनी फोन खाली केला. "तुझी परवानगी लागते म्हणे. तू दिलीस तर नात मला घेईल. नाहीतर तुला घेईल. काय ते सांग."

खाटेवरच्या चादरीचे टोक धाकटीने बोटात धरले, सोडले, पुन्हा धरले. तिला हसायला निमित्त लागत नसे, पण आज ती हसली नाही.

"यातलं एक खोटं आहे," शेवटी ती म्हणाली.

थोरल्यांनी फोन पुन्हा वर धरला. "कोणतं?"

"मी कोपरा सैल धरत नव्हते."

"धरत होतीस."

"तुम्ही जोरात ओढायच्या, ताई. तुम्ही नेहमी जास्त ओढायच्या, म्हणून तुम्हाला माझा सैल वाटायचा. ते वाक्य काढा."

"काढणार नाही. माझं लिहिणं आहे."

"मग मी परवानगी देणार नाही."

"नको देऊस."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, चादरीची दोन टोके धरून पाहावे तशा. मग धाकटीने उशीजवळचा आपला फोन उचलला, ते चित्र दाबले आणि तोंडाजवळ धरून म्हणाली, "बाळा, थोरल्या आजीने सगळं वाचून दाखवलं. माझी परवानगी आहे. सगळं घे. एकही ओळ गाळू नकोस. फक्त खाली लिही, की धाकटी म्हणते, कोपरा मी सैल धरत नव्हते. आणि ताई आता माझ्यासमोर उभ्या आहेत, चेहरा बघण्यासारखा झालाय."

तिचे बोलून संपायच्या आत ते सगळे पडद्यावर उमटले होते. तिने एकदा वाचले, कुठेतरी पूर्णविराम दिला आणि पाठवून दिले. आपल्याला याच मजकुराला अर्धी सकाळ लागली असती, हे थोरल्यांच्या ध्यानात आले, आणि तो जुना पाहुणा मनात पुन्हा उठून बसला. प्रकल्प आपल्याला मिळाला, तरी तो गेला नाही. जाणारही नव्हता, असे त्यांना वाटले.

"झालं?" धाकटी म्हणाली. "आता धरा."

थोरल्यांनी फोन कमरेला खोचला आणि चादरीचे दोन कोपरे उचलले. झटका दिला. चादर लांबीत दुमडली. मग त्या नेहमीप्रमाणे चालू लागल्या, नजर समोरच्या कोपऱ्यावर ठेवून. कोपरा घट्ट धरलेला होता. त्यांनी मुद्दाम जरा ओढून पाहिले. तो हलला नाही.

"आजच धरलास," त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्याला कोपरा जुळवला.